ओतीव ॲल्युमिनियमच्या भागांचं वेपर ब्लास्टिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जुनी गाडी उघडली की लोखंडी भागांचं काय करायचं ते बहुतेकांना माहीत असतं. गाडी अडते ती ॲल्युमिनियमपाशी. व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, ऑल्टरनेटरची बॉडी, गिअरबॉक्सचं केसिंग या सगळ्यांवर काळपट थर चढलेला असतो, त्यात तेल मुरलेलं असतं आणि कडांना पांढरी भुकटी धरलेली असते. वायर ब्रशने घासलं की चरे पडतात. ॲसिड लावलं की ढगासारखे डाग उठतात. कोरडं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कोरडे कण मारणं) केलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्या खरखरीत पृष्ठभागात मळ पुन्हा पटकन बसतो.

वेपर ब्लास्टिंगमध्ये साधं पाणी, काचेचे बारीक मणी आणि दाबाखालची हवा एवढंच असतं. मणी पाण्यात कालवून स्लरी करतात, पंप ती गनपर्यंत आणतो आणि गनमध्ये हवा मिसळून ती भागावर आदळते. प्रत्येक मण्याभोवती पाण्याचा पातळ थर असल्यामुळे आघाताची धार कमी होते. मणी धातू खरवडत नाही, वरचा मळ आणि ऑक्साइड काढत काढत पृष्ठभाग ठोकून बसवतो. फुटलेल्या मण्यांचे तुकडे मऊ धातूत रुतण्याआधीच पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून भाग कारखान्यातून आल्यासारखा मंद, एकसारखा चमकतो आणि पुढे मळला तरी पुसून साफ होतो.

त्याची मर्यादाही आधीच कळलेली बरी. गंजून पडलेले खड्डे यात भरून निघत नाहीत, उलट स्वच्छ झाल्यावर जास्त ठळक दिसतात. जाड रंग, पावडर कोटिंग आणि ग्रीस हे काढण्याचं हे साधन नाही. आणि गन हातात धरण्याचा वेळ या सगळ्या कामात सर्वांत कमी असतो. भाग चांगला होणार की वाया जाणार हे त्याच्या आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या धुण्यावर ठरतं. त्यामुळे खालच्या पायऱ्यांत मी त्या दोन गोष्टींवरच जास्त थांबलो आहे.

१. भाग खरंच ॲल्युमिनियमचा आहे का ते पाहा

राखाडी दिसणारं प्रत्येक ओतीव ॲल्युमिनियमच असेल असं नाही. काही गिअरबॉक्स केसिंग, काही व्हॉल्व्ह कव्हर, आणि फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. मॅग्नेशियमची बारीक भुकटी पाण्याशी मिळून हायड्रोजन सोडते, आणि उघडा पडलेला पृष्ठभाग ओला राहिला की लगेच काळवंडतो. असा भाग नवख्याने कॅबिनेटमध्ये घालूच नये.

ओळखायला सोपं आहे. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थोडंसं खरवडून चकचकीत धातू उघडा करा आणि त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर काही सेकंदांत बुडबुडे येतात. ॲल्युमिनियमवर डोळ्यांना काही दिसत नाही. वजनही सांगतं: एका घन सेंटिमीटरला मॅग्नेशियम सुमारे १.७ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७ आणि जस्ताचा मिश्रधातू ६.६ च्या आसपास. कार्ब्युरेटरची बॉडी हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली तर ती बहुधा जस्ताची आहे. जस्त मऊ असतं, त्याला दाब बराच कमी लागतो.

ओळख पटली की तडे शोधा, आणि ते आत्ताच शोधा. ब्लास्टिंगमध्ये पृष्ठभाग ठोकला जातो, त्यामुळे बारीक तड्याचं तोंड मिटतं आणि नंतर डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव) लावूनही तो दिसत नाही. ब्रेकचे कॅलिपर, चाकं, सस्पेन्शनचे आर्म, इंजिन माउंटचे ब्रॅकेट असे भार घेणारे भाग आधी साफ करून पेनेट्रंटने तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका.

२. सामान जमवा

- वेपर ब्लास्टिंग कॅबिनेट: स्लरी पंप, गन, आतून धुण्यासाठी पाण्याची गन आणि काचेवर वायपर असलेलं
- कॉम्प्रेसर: मध्यम नोझलला सलग १५ ते २० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देणारा
- हवेच्या लाइनमध्ये पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर
- काचेचे मणी, साधारण १०० मायक्रॉनच्या आसपासचे
- ॲल्युमिनियमला चालणारं डीग्रीझर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, नायलॉनचे ब्रश
- रबरी आणि सिलिकॉनची बुचं, जुने बोल्ट, विनाइल टेप
- बाटली धुण्याचे आणि बारीक नळीचे ब्रश, वेगवेगळ्या जाडीचे
- आटे साफ करायचे चेसर
- गडद रंगाची एक बादली, दहापट मोठं दाखवणारं भिंग
- शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी
- गॉगल, कानाचे मफ, धुळीचा मास्क, रबरी हातमोजे

यात कॉम्प्रेसरबाबत सगळ्यात जास्त फसगत होते. दाबाचा आकडा पाहून लोक घेतात, पण इथे महत्त्व हवेच्या मात्रेला आहे. छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर सुरुवातीला १०० पीएसआय दाखवतो आणि अर्ध्या मिनिटात निम्म्यावर येतो. मग फिनिश एका भागावर एक आणि दुसऱ्या भागावर दुसरं दिसतं. मोठा कॉम्प्रेसर नसेल तर लहान नोझल लावा आणि वेळ जास्त लागेल हे धरून चला.

मास्क कशाला, पाण्यात धूळ कुठे, असं वाटेल. कोरडे मणी पोत्यातून ओतताना आणि वाळलेली स्लरी खरवडताना धूळ उडते, तेव्हा तो लागतो. आणि काचेच्या मण्यांऐवजी नदीची किंवा समुद्राची वाळू कधीही वापरू नका. तिच्यातल्या स्फटिक सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

पंप, दिवा आणि पाणी एकाच पेटीत असल्यामुळे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर लाइनवर हवाच.

३. भाग पूर्ण सुटा करा

सुटा म्हणजे ज्यात एकही रबर, सील, बेअरिंग, सर्कलिप किंवा सेन्सर उरलेला नाही असा. उघडण्याआधी फोटो काढा. डॉवेल पिन (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) कुठल्या भोकात होत्या, कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड, हे नंतर आठवत नाही.

दोन ठिकाणी खास लक्ष द्या. पहिली जागा व्हॉल्व्ह कव्हर. त्याच्या आतल्या बाजूला, तेलाचे शिंतोडे हवेच्या वाटेत जाऊ नयेत म्हणून पत्र्याची एक प्लेट रिव्हेट किंवा स्क्रूने बसवलेली असते. तिच्यामागे एकदा मणी शिरले की धुऊन निघत नाहीत, पण इंजिन गरम होऊन हादरायला लागलं की ते हळूहळू सुटून थेट कॅमशाफ्टवर पडतात. प्लेट काढता येत असेल तर काढा. येत नसेल तर कव्हरची आतली बाजू पूर्ण झाका आणि फक्त बाहेरून करा. झाकणं पक्कं होईल अशी खात्री नसेल तर ते कव्हर हाताने साफ केलेलंच चांगलं.

दुसरी जागा तेलाच्या वाटा, म्हणजे ऑइल गॅलरी. सिलिंडर हेडमध्ये, टायमिंग कव्हरमध्ये, क्रँककेसमध्ये त्या आरपार गेलेल्या असतात आणि टोकांना बुचं असतात. ती बुचं काढायलाच हवीत, म्हणजे नंतर दोन्ही टोकांनी ब्रश घालता येतो. एका टोकाने बंद असलेली गॅलरी स्वच्छ झाली हे कळायचा काही मार्ग नाही. बूच काढायची तयारी नसेल तर तो भाग या कामासाठी घेऊ नका. पहिला भाग म्हणून तर तेलाशी संबंध नसलेलाच निवडा: थर्मोस्टॅटचं घर, ऑल्टरनेटरचं ब्रॅकेट, असं काही.

४. तेल आणि ग्रीस शेवटच्या थेंबापर्यंत काढा

तेलकट भाग कॅबिनेटमध्ये गेला तर तो एकटाच बिघडत नाही. तेल स्लरीत मिसळतं, मणी गोळा होतात, आणि पुढचा प्रत्येक भाग राखाडी डाग घेऊन बाहेर येतो. मग सगळी स्लरी फेकून कॅबिनेट, पंप, नळ्या धुवाव्या लागतात.

जाड थर आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, मग डीग्रीझर लावून नायलॉनच्या ब्रशने घासा आणि गरम पाण्याने धुवा. डीग्रीझरच्या डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं हवं. कॉस्टिक सोडा आणि तो असलेले ओव्हन क्लीनर यांना हात लावू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, त्यात हायड्रोजन सुटतो, आणि ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन असल्यामुळे वर काळा, काजळीसारखा थर उरतो.

तेल गेलं की नाही हे बोटाने नाही, पाण्याने पाहा. भागावर स्वच्छ पाणी ओता. पाणी अखंड पातळ पसरून राहिलं तर भाग साफ आहे. कुठेही ते फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे.

जुन्या सँड कास्ट, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या, भागांत तेल रंध्रांत मुरलेलं असतं. असा भाग ८० ते १०० अंश सेल्सियसला तापवला की तेल घाम आल्यासारखं वर येतं, ते पुसा आणि पुन्हा धुवा. ओव्हन स्वयंपाकाचा नको. आणि भागावर सॉल्व्हंट राहिलेलं असताना तापवू नका. क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर तापलं तर त्यातून विषारी वायू निघतो.

रंग किंवा वार्निश असेल तर ॲल्युमिनियमला चालणाऱ्या पेंट रिमूव्हरने आत्ताच काढा. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीनेच सोडवा.

५. झाकायचं ते झाका

झाकायच्या जागा: बेअरिंग बसणाऱ्या बोअर, शाफ्ट जाणारी भोकं, डॉवेलची भोकं, सगळे आटे, गॅलरीची तोंडं, गॅस्केट बसणारे मशीन केलेले पृष्ठभाग, आणि नंबर किंवा कंपनीची रिव्हेट केलेली पट्टी.

आटे असलेल्या भोकात त्याच मापाचा जुना बोल्ट रबरी वॉशरसह घट्ट बसवा. साध्या भोकांना निमुळती रबरी बुचं चालतात. रबरावर मणी आदळून परत फिरतो, म्हणून ते टिकतं. कागदी मास्किंग टेप पाण्यात लगेच सुटते, विनाइल टेप बऱ्यापैकी टिकते पण तिचीही कड उचलली जातेच. मॅनिफोल्डच्या पोर्टवर टेपचा भरवसा धरू नका. जुनं गॅस्केट आणि पत्र्याची प्लेट घेऊन ती बोल्टने आवळा.

हेडच्या गॅस्केटच्या पृष्ठभागावर हलका हात चालतो का, याबद्दल अनुभवी लोकांतही दुमत आहे. काचेच्या मण्यांनी माप फारसं बदलत नाही हे खरं. पण पत्र्याच्या अनेक थरांचं गॅस्केट गुळगुळीत पृष्ठभाग मागतं, त्यामुळे मी तो नेहमी झाकतो.

६. स्लरी आणि दाब

घनफळाने पाण्याच्या १० ते २० टक्के मणी घ्या. कमी पडले तर काम सरकत नाही, जास्त झाले तर पंप आणि नळी तुंबते. पंप काही मिनिटं चालू ठेवून स्लरी एकजीव होऊ द्या, कारण मणी तळाशी बसतात.

ॲल्युमिनियमची स्लरी फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवा. त्यात एकदा लोखंडी भाग मारला की लोखंडाचे कण राहतात आणि पुढच्या पांढऱ्याशुभ्र भागावर काही दिवसांनी तपकिरी ठिपके उमटतात.

दाब ४० पीएसआयपासून सुरू करा. मळ निघत नसेल तर ६० पर्यंत न्या. आणखी वाढवण्याआधी स्लरी पाहा. मणी फुटून बारीक झाले की धार मंदावते आणि लोक चुकीचा इलाज म्हणून दाब चढवत जातात. चिमूटभर मणी काचेवर पसरून भिंगाखाली धरा. बहुतेक गोल आणि पारदर्शक दिसले तर ठीक. निम्मे तुटके दिसले तर स्लरी बदलायची वेळ झाली.

७. ब्लास्टिंग

गन भागापासून १० ते १५ सेंटिमीटरवर आणि ४५ ते ६० अंशांत तिरकी धरा. सरळ समोरून मारलं तर परत येणारे मणी येणाऱ्यांशी भिडतात आणि जोर फुकट जातो. आधी कोपरे, फासळ्यांमधल्या खाचा, बोल्टच्या बैठकी यांवर काम करा, मोकळे पृष्ठभाग नंतर. उलटं केलं तर कोपरे साफ करताना मोकळ्या भागावर जास्तीचे पट्टे पडतात. एका जागी गन थांबवू नका. हट्टी डागावर पुन्हा पुन्हा फिरा, जवळ जाऊ नका.

शेवटी थोडं अंतर वाढवून सगळ्या भागावर एक हलका, सारखा हात फिरवा. फिनिश एकसंध होतं ते यानेच.

ओला भाग सगळीकडे सारखाच दिसतो, त्यावर विसंबू नका. पाण्याच्या गनने एक तुकडा धुवा, हवेने वाळवा आणि दिवा तिरका धरून पाहा. राहिलेले डाग तेव्हा राखाडी ढगांसारखे दिसतात. ओतीव अक्षरांच्या आतल्या कडा हमखास राहून जातात, त्या भिंगातून बघा.

८. धुणं

काचेचा एक मणी बेअरिंगमध्ये गेला तर तो दळला जातो आणि शाफ्ट कोरत जातो. म्हणून या पायरीवर घाई करायची नाही.

भाग कॅबिनेटमधून निघाला की तो वाळायच्या आत धुवायला घ्या. स्लरी वाळली की आट्यांत आणि खाचांत सिमेंटसारखी धरते. आधी भरपूर पाण्याने बाहेरून धुवा, मग बुचं आणि बोल्ट काढा. हा क्रम उलटा केला तर बुचावरची स्लरी भोकात पडते.

मग गरम पाणी आणि सौम्य साबण. प्रत्येक गॅलरीत तिच्या मापाचा ब्रश एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. पाणी दोन्ही बाजूंनी सोडा. त्यानंतर हवा मारा, तीही दोन्ही बाजूंनी.

ओले मणी धातूला चिकटून राहतात आणि पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यामुळे एकदा धुतल्यावर भाग पूर्ण वाळवा, लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोका आणि पुन्हा हवा मारा. पहिल्या धुण्यात न निघालेले मणी आता निघतात. मग परत धुवा. अल्ट्रासॉनिक टाकी मिळाली तर यानंतर वापरा, याऐवजी नको.

शेवटचं पाणी गडद बादलीत धरा आणि थोडा वेळ स्थिर राहू द्या. तळावर दिवा धरला की उरलेले मणी चमकतात. एकही दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. तळ स्वच्छ राहिला की डिस्टिल्ड पाण्याने एकदा खळबळून घ्या, नाहीतर जड पाण्याचे पांढरे ठसे उमटतात.

९. वाळवणं, आटे, लेप

हवेने पाणी उडवून भाग ८० ते १०० अंशांवर तासभर ठेवा. त्याहून जास्त नको, उष्णता-प्रक्रिया केलेल्या मिश्रधातूची ताकद फार तापवल्याने कमी होते. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या लोखंडी सीट आणि गाइडवर मात्र काही मिनिटांत गंज येतो, त्यांना वाळताक्षणी तेल पुसा.

आट्यांत चेसर फिरवा. कापणारा टॅप फिरवला तर तो मऊ ॲल्युमिनियम काढतो आणि बोल्ट सैल बसतो.

उघड्या ॲल्युमिनियमवर क्लिअर लॅकर मारायचा मोह होतो. तो बोल्टच्या आणि कडांच्या जागी उचलला जातो, आत पाणी शिरतं आणि खाली पांढऱ्या रेषा पसरतात. मग तो काढून सगळं काम नव्याने करावं लागतं. माझ्या मते पातळ गंजरोधक तेल किंवा मेण पुसून ठेवणं जास्त टिकाऊ, कारण ते कधीही पुन्हा लावता येतं. गॅस्केटच्या पृष्ठभागावर ते लावू नका. बसवेपर्यंत भाग स्वच्छ हातमोज्यांनीच उचला.

कॅबिनेट बंद करण्याआधी पंप आणि गनमधून स्वच्छ पाणी फिरवा, नाहीतर उरलेले मणी बसून पंप अडकतो. जुनं पाणी गटारात सोडू नका. ते स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्या, आणि धातू व तेल मिसळलेला तो गाळ औद्योगिक कचरा म्हणून द्या.

१०. काम बाहेर करून घेणार असाल तर

एकदोन भागांसाठी कॅबिनेट घेणं परवडत नाही, तेव्हा हे काम करणाऱ्याला देणं शहाणपणाचं. देण्याआधी पायरी १ ते ४ तुम्हीच करा. भागांची यादी, प्रत्येकाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि झाकायच्या जागांची खूण असलेलं चित्र सोबत द्या. त्यांना विचारा: कोणते मणी वापरता, त्याच स्लरीत लोखंड मारता का, गॅलरी धुऊन देता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तरी भाग घरी आल्यावर पायरी ८ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करा, आणि गडद बादलीचा तळ पाहिल्याशिवाय एकही भाग इंजिनावर चढवू नका.